डॉक्टर नरसिंगरावांविरुद्ध चाळीस तक्रारी

आमच्या गल्लीत डॉक्टर नरसिंगरावांबद्दल वाईट बोलणारा माणूस दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता. तरीही एकोणीसशे शहाण्णव साली, दिवाळीचे आकाशकंदील उतरायच्या आत, त्यांच्याविरुद्ध चाळीस तक्रारी गेल्या. त्या सगळ्या मी लिहिल्या होत्या. अक्षर माझं, भाषा माझी आणि पुढे जो घोळ झाला तोही माझाच. एवढं आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे मधेच कोणी उठून मला जाब विचारायला नको.

मी तेव्हा आदिलाबादच्या मंडल रेव्हेन्यू ऑफिसात सीनियर असिस्टंट होतो. बोर्ड बदलून दहा वर्षं झाली होती, पण आमच्या तोंडी ते अजून तहसीलच होतं. पहाणीतली, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्यातली, दुरुस्ती, वारसा, जातीचा दाखला, कशावरही माझ्याइतकी घोटीव दरखास्त जिल्ह्यात कोणी लिहीत नाही, असं आमचे एक तहसीलदार म्हणाले होते. ते पुढे बदलून गेले, पण त्यांचं वाक्य मी जपून ठेवलं आणि योग्य प्रसंगी लोकांना ऐकवत आलो.

तर हैदराबादच्या कुठल्याशा आरोग्य संस्थेनं जिल्ह्यातल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांचा सर्वे काढला. एका डॉक्टरामागे चाळीस घरं, एका घराला चार पानी एक फॉर्म. फॉर्मवर एका बाजूला तेलुगू आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. डॉक्टर वेळेवर भेटतात का, नीट ऐकून घेतात का, समजावून सांगतात का, असे बारा प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन. सगळ्यात खाली चार ओळींचा रकाना होता : तक्रार असल्यास लिहावी. फॉर्म वाटायला आलेले साहेब हिंदीत म्हणाले की उत्तर कुठल्याही भाषेत चालेल, डॉक्टरांना कोणाचं नाव कळणार नाही, फक्त खरं लिहा. आठ दिवसांची मुदत देऊन ते गेले.

आमच्या गल्लीत मराठी वाचणारे बरेच, तेलुगू वाचणारी फक्त शाळेतली पोरं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत माझ्या ओसरीवर फॉर्मांचा ढीग लागला. मीही नाही म्हणालो नाही. दिवसभर लोकांच्या जमिनी लिहिणाऱ्या माणसाला संध्याकाळी चांगल्या माणसाचे गुण लिहायला मिळाले तर तो कशाला नाही म्हणेल?

शिवाय त्यात फार मोठं काहीतरी अडकलेलं होतं. ते कुमुदिनीनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, डॉक्टरांच्या घरून आणलं होतं. डॉक्टरांचा मुलगा व्यंकटेश हैदराबादला मोठ्या नोकरीत. आता अडतीस वर्षं झाली, पुरे झालं, दवाखाना बंद करा आणि इकडे या, असा त्याचा दर आठवड्याला फोन. डॉक्टरांचा पाय निघत नव्हता. शेवटी ते आपल्या पत्नीला, दमयंतीबाईंना, म्हणाले होते, "सर्वेचा कागद येऊ दे. लोकायले आपण पाहिजे असलो तर राहू. नाई तर जाऊ पोराकडं."

डॉक्टर गेले तर आमचं कसं व्हायचं? गल्लीतलं प्रत्येक पोट त्यांना नावानिशी ठाऊक होतं. कोणाला खरंच दुखतं आणि कोणाला सोमवारी शाळेत जायचं नाही, हे ते दारातून आत येणाऱ्या चालीवरून ओळखत. नागपूरला न्या, असं ते अडतीस वर्षांत मोजून सहा वेळा म्हणाले असतील, आणि सहाव्या वेळी तर पेशंटबरोबर स्वतःच जीपमध्ये बसून गेले होते. असा माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही, हे मी त्याच क्षणी ठरवलं आणि माझ्या फॉर्मवर बाराही प्रश्नांना सगळ्यात वरचा चौकोन भरून टाकला.

कुमुदिनीनं तो पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"सगळ्यात वरचाच चौकोन भरला तुमी?"

"भरला. माणूस तसा हाय तर काय करू?"

"असं नसते करत. नजर लागते. आधीच त्यायचं जायाचं घाटून राह्यलं. एक तीट लावा. खाली जागा हाय ना तक्रारीची."

मी सरकारी नोकर. नजर, दृष्ट असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. आमच्या घरावर काळी बाहुली टांगलेली आहे ती गवंड्याच्या आग्रहानं, आणि अकरा वर्षं तिथंच राहिली ती केवळ शिडी मिळाली नाही म्हणून. पण कुमुदिनीच्या बोलण्यात मला कार्यालयीन तथ्य दिसलं. आमच्या ऑफिसात कोरा रकाना हे पाप आहे. कोरा रकाना सोडला की पुढे कोणीतरी त्यात काहीतरी लिहितं आणि वीस वर्षांनी कोर्टात निघतं. म्हणून मी विचार करून लिहिलं : दवाखान्यातील भिंतीवरील घड्याळ आठ मिनिटे मागे आहे. हे खरंच होतं. लिहून झालं तरी पेन थांबेना. सव्वीस वर्षांची नोकरी, दरखास्त अशी मधेच कशी सोडणार? म्हणून पुढे लिहिलं : तरी याबाबत सखोल चौकशी होऊन योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती. मग कुठं पेन थांबलं आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत तीट लावायची ही कल्पना सर्वांना इतकी पटली की मला स्वतःला ती सुचली नाही याचं वाईट वाटलं. सोजरबाई म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सत्तरीच्या बाई, मूळच्या तलमडुगू गावच्या. त्यांनी सांगितलं की कापूस डोळ्यांत भरण्यासारखा आला की त्यांच्याकडे बांधावर जुनी चप्पल टांगतात, मग डॉक्टरांसारख्या माणसाला उघडं कसं ठेवायचं? निवृत्त हेडमास्तर उद्धवराव नजरबिजर मानत नव्हते, पण त्यांचं शास्त्र वेगळं होतं. चाळीस पोरांचं गणित एकसारखं बरोबर आलं की ते सरळ कॉपी समजून सगळ्यांना शून्य देत. तेव्हा तक्रार हवी आणि प्रत्येकाची वेगळी हवी, नाहीतर हैदराबादवाले सगळे फॉर्म केरात टाकतील, असा त्यांनी इशारा दिला. एका बाजूनं नजर आणि दुसऱ्या बाजूनं परीक्षामंडळ, अशा पेचात मी कामाला लागलो.

पहिल्या दहा तक्रारी सहज निघाल्या. बाकाचा एक पाय डुगडुगतो. कॅलेंडर गेल्या वर्षीचं आहे. पडदा अपुरा आहे. पुढच्या दहांत थोडा माणूस आला. डॉक्टर तंबाखूवरून उद्धवरावांना चारचौघांत बोलतात. दुखणं विचारायच्या आधी सासूची चौकशी करतात. सोजरबाईंची तक्रार मात्र मनापासूनची होती : "सुई देत नाई. गेल्या आठ वर्षांत एक सुई देली नाई मले. गोळ्या देऊन वाटेले लावते." मी ती भाषा सुधारून घेतली.

पंचविसाव्या घराशी माल संपला. रेणुकाबाईंना तर तक्रार म्हणताच रडू फुटलं. त्यांची समजूत घालून मी लिहिलं की डॉक्टर रुग्णाशी गरजेपेक्षा जास्त बोलतात. त्यांच्या शेजारच्या घराला तेच कसं लिहिणार, म्हणून तिथं गरजेपेक्षा कमी बोलतात असं लिहिलं. मग माझी प्रतिभा खुलली. डॉक्टर उशिरा येतात. डॉक्टर फार लवकर येऊन बसतात, त्यामुळे रुग्णास आपण उशिरा आलो असे वाटते. चाळिसाव्या फॉर्मवर मी लिहिलं : सदर डॉक्टर स्वतः कधीच आजारी पडत नसल्याने त्यांना रुग्णाच्या यातनांची कल्पना येणे शक्य नाही. उद्धवरावांनी ते दोनदा वाचून मुद्देसूद आहे असा शेरा दिला. प्रत्येक तक्रारीखाली अर्थातच सखोल चौकशीची विनंती होती. वरचे बारा चौकोन सगळ्यांचे उत्तम. एवढं करून फॉर्म साहेबांच्या हवाली केले आणि आठवडाभर मी गल्लीतून जरा छाती काढून चाललो.

तीन आठवड्यांनी मला खोकला झाला. दवाखान्यात गेलो तर घड्याळ बरोबर होतं. मी माझ्या मनगटाशी दोनदा ताडून पाहिलं. बाकावर बसलो, बाक हललं नाही. भिंतीवर कॅलेंडर या सालचं. मला आधी आनंदच झाला. मग आतून सोजरबाई आल्या, त्या दंड धरून आणि पांढऱ्याफटक चेहऱ्यानं. डॉक्टरांनी त्यांना न मागता सुई दिली होती. आठ वर्षं जो माणूस सुई देत नव्हता तो आज आपण होऊन देतो, म्हणजे आपलं काहीतरी मोठं निघालं, असं त्यांनी धरलं आणि घरी जाऊन सुनेला कपाटाच्या किल्ल्या काढून दिल्या. उद्धवरावांचं तर आणखीच वेगळं झालं. डॉक्टर त्यांना तंबाखूवरून एक शब्द बोलले नाहीत. आता बोलून उपयोग नाही असं डॉक्टरांना वाटलेलं दिसतं, या धास्तीनं हेडमास्तरांनी चाळीस वर्षांची तंबाखू त्या दुपारी सोडली. रेणुकाबाई सांगत होत्या की डॉक्टर बोलायला तोंड उघडतात आणि मधेच काहीतरी आठवून गप्प होतात.

माझा नंबर लागला. एरवी डॉक्टर मला पाहिलं की या शामराव म्हणत, कुमुदिनीचा गुडघा, ऑफिसातलं राजकारण आणि तहसीलदाराचं ब्लडप्रेशर विचारून झाल्यावर खोकल्याकडे वळत. त्या दिवशी त्यांनी नुसतं छातीला नळी लावली, गोळ्या लिहिल्या आणि कागद पुढे केला. तो घ्यायला मी वाकलो तेव्हा टेबलाच्या काचेखाली माझी नजर गेली.

काचेखाली माझं अक्षर होतं. संस्थेनं आपला शब्द पाळून सगळ्यांची नावं कापली होती, वरचे चौकोन बेरजेसाठी हैदराबादला ठेवले होते, आणि फक्त तक्रारींच्या रकान्यांच्या झेरॉक्स प्रती डॉक्टरांकडे खुलाशासाठी पाठवल्या होत्या. चाळीस तक्रारी ओळीनं मांडलेल्या. जवळजवळ सगळ्यांपुढे लाल पेनानं बरोबरची खूण होती, म्हणजे ती ती चूक दुरुस्त झाली. मी खाली पाहतोय हे डॉक्टरांनी पाहिलं.

"अक्षर अजून सुरेख हाय तुमचं, शामराव," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसलं असतं.

मी घरी आलो तो कुमुदिनी डोळे पुसत होती. दमयंतीबाईंनी ट्रंका काढल्या होत्या. व्यंकटेश रविवारी गाडी घेऊन येणार होता. डॉक्टर एवढंच म्हणाले होते की चाळीस घरं विचारली आणि चाळीसही घरांनी तक्रार केली, आता आणखी काय पाहायचं.

आता मी मूळचा कायद्याच्या वाटेनं जाणारा माणूस. आधी एसटीडी बूथमधून हैदराबादला फोन लावला. तिकडून कळलं की चौकोनांची बेरीज व्हायला सहा महिने लागतील. तक्रारी मागे घेता येतील, पण प्रत्येक तक्रारदारानं दोन साक्षीदारांसह समक्ष यावं लागेल, आणि अशा तक्रारी अहवालात "दबावाखाली मागे घेतल्या" या सदरात दाखवल्या जातील. मला त्या माणसाचा संताप आला, तरी मी आभार मानून फोन ठेवला. त्याच्या खुर्चीत मी असतो तर शब्दशः हेच बोललो असतो. सव्वीस वर्षं लोकांना तहसीलच्या खिडकीबाहेर काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी बूथमध्ये उभं राहून कळलं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. सगळे म्हणजे खरंच सगळे, उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत. डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांना वाटलं साथ आली. मी घसा साफ करून सुरुवात केली की सदर प्रकरणी झालेला गैरसमज हा केवळ प्रथेनुसार आणि सद्‌हेतूने. तेवढ्यात सोजरबाईंनी मला कोपरानं बाजूला सारलं.

"डाक्टर, लेकराले तीट लावते ना माय, तशी लावली आमी तुमाले," त्या म्हणाल्या. "तुमाले कोनाची नजर लागू नये मनून. या शामरावानं ते कचेरीच्या भाषेत लिवलं, मनून तुमाले लागलं. तुमी जाऊ नका. अन् मले काय झालं ते खरं सांगा, सुई काऊन देली?"

डॉक्टर परत खुर्चीत बसले. मग सोजरबाईंना म्हणाले की ती नुसती ताकदीची सुई होती, किल्ल्या सुनेकडून परत घ्या. बाकी मंडळी हसली, पण ते हसले नाहीत. त्यांनी खणातून एक फॉर्म काढून माझ्या हातात दिला. संस्थेनं डॉक्टरांनाही एक फॉर्म दिला होता, रुग्णांबद्दलचा, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तो अजून पाठवायचा राहिला होता. त्यात आमच्यासाठी, म्हणजे पथ्य न पाळणाऱ्या, औषध अर्ध्यात सोडणाऱ्या, सुईसाठी हटून बसणाऱ्या आमच्यासाठी, त्यांनी सगळे वरचे चौकोन भरले होते. खालच्या रकान्यात दोन ओळी होत्या.

"वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं : औषध लागू पडलं की नाही, ते सांगायला कोणी परत येत नाही. अडतीस वर्षांत मला लोकांची फक्त दुखणी कळली.

"अन् ही तीट नाई, शामराव," डॉक्टर म्हणाले. "खरं हाय ते."

एकेकजण खाली मान घालून निघाला. मी घरी जाऊन जेवलो नाही. माझ्या डोळ्यांपुढून विनोदिनी हलेना. विनोदिनी म्हणजे आमची मुलगी. एकोणऐंशी साली ती दहा वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला. एकवीस दिवस डॉक्टर दोन वेळा घरी येत होते, कुमुदिनीला जबरदस्तीनं जेवायला बसवत होते. ताप उतरला आणि आम्ही दोघं आनंदानं वेडे झालो. दुसऱ्याच आठवड्यात माहूरला जाऊन देवीचा नवस फेडला, खण-साडी वाहिली. ऑफिसात पेढे वाटले, अगदी ज्या पेशकाराशी माझं बोलणं नव्हतं त्यालाही दिला. डॉक्टरांकडे कोणीच गेलं नाही. जायचं आहे असं दोघांच्या मनात होतं, आणि मग तिची शाळा पुन्हा सुरू झाली, मग पाऊस लांबला, मग राहून गेलं. बाविसाव्या दिवशी त्यांना निरोप गेला नाही म्हणून त्यांनी काय समजावं? मूल वाचलं असेल, इतकं त्यांनी आमच्या घरातून रडण्याचा आवाज आला नाही यावरून ओळखलं असणार. पुढे ती गल्लीत खेळताना त्यांना दिसलीही असेल, पण आम्ही जाऊन सांगितलं नाही ते नाहीच. मला त्या विचारानं रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी पोचलो तर माझा नंबर सतरावा होता. सगळी आमचीच गल्ली. धडधाकट माणसं डोक्याला तेल लावून, इस्त्रीचे कपडे घालून बाकावर बसलेली. खरे आजारी तिघंच होते, त्यांना आम्ही आधी सोडलं. मग एकेकजण आत जाऊ लागला आणि बाहेर येताना नाक ओढू लागला. उद्धवराव तंबाखू सुटली हे सांगायला गेले, आणि आतून डॉक्टरांचं हसू ऐकू आलं, बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा. रेणुकाबाई एवढ्या वेळ आत होत्या की मागच्यांनी कुरकुर केली.

मी आत गेलो. काचेखालच्या झेरॉक्स प्रती नव्हत्या.

"काय होऊन राह्यलं, शामराव?"

"काई नाई," मी म्हणालो. "विनोदिनीचा ताप उतरला, तेवढं सांगाले आलो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"कधी?"

"एकोणऐंशीच्या भादव्यात."

ते चष्मा काढून पुसत राहिले. मग विचारलं, आता कुठं असते ती. मी सांगितलं की नांदेडला असते, कॉलेजात शिकवते, पोरगी झाली तिला, सव्वा वर्षाची आहे. ती पोरगी चालते का, दात किती आले, हे सगळं त्यांनी मला विचारून घेतलं. आतल्या दाराशी दमयंतीबाई उभ्या होत्या. त्यांच्याकडे वळून डॉक्टर म्हणाले, "व्यंकटेशले फोन कर. गाडी रिकामीच न्या लागंल मनावं."

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी मला मागून हाक मारली.

"शामराव, पुढल्या खेपेले सांगाले इतका उशीर नका करू."